कधीही या, मी घरीच आहे
ब्यूटी पार्लरचा कोर्स पूर्ण झाला, प्रमाणपत्राला चौकट करून ते भिंतीवर लागले, वॅक्स हीटर, स्टीमर, घडीची खुर्ची आणि डिस्पोजेबल चादरींचा गठ्ठा दुचाकीवर पायांपाशी कसाबसा बसला, म्हणजे पुण्यात घरोघरी जाऊन काम करणाऱ्या नव्या ब्यूटिशियनची सर्व तयारी झाली असे समजावे. राहता राहिला प्रश्न ग्राहकांना वेळा देण्याचा. हा विषय कोर्समध्ये शिकवत नाहीत आणि ते योग्यच आहे, कारण त्यासाठी लागते ती केवळ भीड, आणि ती आपण माहेरूनच आणलेली असते.

सर्वप्रथम, वही घेऊ नये. वहीत लिहिलेली वेळ दिसते, आणि दिसली की त्याच वेळेला दुसरीला होकार देताना उगाच संकोच वाटतो. त्यापेक्षा निम्म्या वेळा व्हॉट्सॲपवर, काही आवाजी (व्हॉइस) निरोपांत आणि उरलेल्या भाजी घेताना रस्त्यात तोंडी ठरवाव्यात. ‘येत्या मंगळवारी’ म्हणजे उद्याचा मंगळवार की पुढच्या आठवड्यातला, हे विचारून समोरच्या बाईंच्या मराठीचा अपमान करू नये. त्या वाट पाहू लागल्या की आपोआप कळतेच.

अंतराचा विचार तर मनातही आणू नये. कोथरूडचे फेशियल सकाळी दहाला सुरू करून वाघोलीचे पेडिक्युअर बाराला ठरवावे. मध्ये वीसेक किलोमीटर आहेत खरे, पण मोबाइलवरचा नकाशा आदल्या रात्री दोन वाजता पाहिल्यास ते अंतर अगदीच किरकोळ दिसते. कर्वे रस्ता, येरवडा आणि खराडी यांना आपली अपॉइंटमेंट ठाऊक नसते, हा त्यांचा दोष. एकाच दिवशी कोथरूड, वारजे आणि कर्वेनगर असे लगतचे भाग घ्यावेत आणि नगर रस्त्याकडच्या ग्राहकांना वेगळा वार द्यावा, असे काही अनुभवी बायका सुचवतात. त्यांना पेट्रोलच्या खर्चाची फारच काळजी दिसते.

कामाला लागणारा वेळ मोजताना केवळ काम मोजावे. हात-पायांचे वॅक्स, फेशियल आणि भुवया मिळून दोन तास, बस्स. सोसायटीच्या फाटकावर पहारेकऱ्याने नाव, गाडीचा क्रमांक आणि ‘कुणाकडे?’ हे तीनदा विचारणे, सर्व्हिस लिफ्ट शोधणे, बैठकीच्या खोलीतली टीपॉय हलवून खुर्ची मांडणे, हे सारे शून्य मिनिटांत होते असे धरावे. वॅक्सचेही तसेच. हीटर लावल्यावर घट्ट वॅक्स पातळ व्हायला वीस-पंचवीस मिनिटे घेते, तोवर ग्राहक बाई घड्याळाकडे पाहतात आणि आपण काडीने डब्याच्या कडेचे वॅक्स ढवळत, मधला गोळा अजून तसाच असल्याचे दिसत असतानाही, ‘झालंच, ताई’ म्हणतो. पोहोचताक्षणी हीटर लावून तेवढ्या वेळात भुवया उरकता येतात, हे प्रस्तुत लेखिकेला दोन वर्षांनी सुचले. आपण घाई करू नये.

‘कधीही या, मी घरीच आहे’ असे म्हणणारी ग्राहक हा या व्यवसायातला दागिना होय. तिला नेमकी वेळ विचारू नये. आपण अकराला पोहोचाल तेव्हा ती आंघोळीला गेलेली असेल, त्यानंतर देवपूजा होईल, मग कुकरच्या तीन शिट्ट्या होतील, आणि ब्लीच लावून झाल्यावर बहिणीचा फोन येईल. ब्लीच ठरल्या मिनिटांनी पुसावेच लागते, बहिणीला मात्र तसे काही बंधन नसते. सर्व आटोपून आपण दोरा गुंडाळून ठेवला की आतल्या खोलीतून सासूबाई येतील आणि म्हणतील, ‘अगं, आलीच आहेस तर माझ्या हनुवटीवरचे तेवढे चार केस काढ.’ त्या चार केसांचे पैसे मागायचे नसतात, हे सांगायला नकोच. त्यांच्यामागे शेजारच्या वहिनीही उभ्या असतात.

गुरुवार हा खास वार आहे. पुण्यात दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचे झाले की बहुधा गुरुवारच निवडतात, आणि विजेच्या कामांनाही तोच वार मानवतो. म्हणून पाणी आणि वीज दोन्ही भरपूर लागणारी कामे, म्हणजे हेअर स्पा, पेडिक्युअर आणि स्टीम, आवर्जून गुरुवारी ठेवावीत. डोक्याला क्रीम लावलेली ग्राहक आणि कोरडा नळ यांच्यामध्ये उभे राहिल्यावर माणसाची ओळख पक्की होते.

वेळ देताना प्रश्न विचारू नयेत. केसांच्या रंगाच्या पाकिटावर आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहण्याची सूचना असते, आणि त्यासाठी एक-दोन दिवस मधे सोडावे लागतात. रेटिनॉलचे (सुरकुत्या-डागांसाठीचे) क्रीम लावणाऱ्या चेहऱ्यावर वॅक्स केले तर साल निघू शकते, म्हणून ते काही दिवस आधी बंद करायला सांगावे लागते. पण एवढे बोलत बसल्यास ग्राहकाला आपण डॉक्टर वाटू, आणि डॉक्टरची फी मात्र मिळणार नाही.

खरी कसोटी लग्नसराईची. चातुर्मासात आपण रिकाम्या बसतो, आणि तुळशीचे लग्न लागले की सगळ्या नवऱ्या एकदमच उजवल्या जातात, कारण मुहूर्त पंचांगात सगळ्यांना सारखेच मिळतात. एका तारखेला दोन नवऱ्या घ्याव्यात. एकीचा मुहूर्त सकाळी सव्वादहाचा कर्वे रस्त्यावरच्या कार्यालयात, दुसरीचा साडेबाराचा सिंहगड रस्त्याला. कागदावर हे सुरेख बसते. नवरीच्या मेकअपला दोन तास, खोप्याला अर्धा तास, नऊवारी नेसवायला आणखी अर्धा तास, त्यातच नवरीच्या तीन मावश्यांचे ‘फक्त साडी नेसव गं’ धरावे. पहिलीच्या मंगलाष्टका सुरू असताना आपण अजून करवलीच्या अंबाड्यात पिना खोचत असतो, आणि दुसरीच्या आईचे नऊ मिस्ड कॉल पर्समध्ये थरथरत असतात. फेशियल लग्नाच्या चार-पाच दिवस आधी करावे, म्हणजे चेहरा लाल झालाच तर निवळायला अवधी मिळतो, हे नवरीला ठाऊक असते. तरीही तिला सवड हळदीच्या आदल्या रात्रीच मिळते, आणि ती वेळ आपण द्यावीच.

आगाऊ रक्कम मागणे हे तर असंस्कृतपणाचे लक्षण. दोनशे रुपये यूपीआयने आधी घेतले की ऐनवेळी ‘अगं, अचानक पाहुणे आले’ म्हणणाऱ्यांची संख्या चमत्कारिकरीत्या घटते, आणि पाहुण्यांना न येऊ देण्याचे पाप आपल्या माथी येते. आपण धायरीहून निघून नवले पुलाच्या गर्दीत अडकलेल्या असतानाच तो निरोप यावा, हीच त्याची योग्य वेळ.

रात्री पावणेबारा वाजता ‘ताई, उद्या सकाळी जमेल का? तुमच्या सोयीने, फक्त नऊच्या आत. नुसत्या भुवया आहेत’ असा निरोप येईल. तत्काळ अंगठा पाठवावा. पत्ता विचारण्याच्या भानगडीत पडू नये. तो सकाळी आपण घरातून निघाल्यावर येतो, आणि बहुधा वाघोलीचाच असतो.