वर बघा, बटण वर आहे

आमच्या घरात पंखा लावायचा तर आधी स्टूल शोधावं लागतं. ते सापडेपर्यंत घाम आपोआप वाळतो. त्यामुळे विजेचं बिल कमी येतं हे खरं, पण मूळ हेतू तो नव्हता.

घर सांगलीच्या गावभागात. जुनं, शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत लागलेलं, वर माडी, मध्ये इवलासा चौक. पावसाळ्यात आमच्याकडे कुणी कुणाला 'काय म्हणताय' असं विचारत नाही, 'आयर्विनला किती?' असं विचारतात. 1929 सालच्या या पुलापाशी कृष्णेचं पाणी फुटांत मोजतात. 40 ला इशारा, 45 ला धोका. 2005 ला घरात पोटरीभर पाणी आलं, तेव्हा 'असं कुठं रोज येतंय' म्हणून आम्ही नदीला माफ केलं. 2019 च्या ऑगस्टात आकडा 57 च्या वर गेला आणि आमच्या खालच्या मजल्यावर पाच फूट पाणी उभं राहिलं. आम्ही पुढच्या दारात वाळूची पोती रचून पहारा देत होतो. कृष्णामाई मागच्या मागे न्हाणीच्या जाळीतून आत आली.

पाणी उतरल्यावर सोफा पावासारखा फुगलेला, प्लायवूडच्या कपाटाच्या पोळ्या सुटलेल्या आणि आजोबांचा सागवानी पलंग मात्र 'काय झालं?' अशा चेहऱ्यानं जागच्या जागी. अप्पांनी तेलरंगाचा लाल डबा आणला आणि खोलीखोलीत पाण्याच्या खुणेवर रेघ ओढली. "घर चुकीचं बांधलंय," ते म्हणाले. "आता ह्या रेघेखाली काय ठेवायचं नाही."

वायरमन आला तेव्हा अप्पांनी साडेसहा फुटांवर खडूनं फुली मारून ठेवली होती.

"आवो अप्पा, बटणं इतक्या वर? दाबायला काय कावळा येणार हाय?"

"तू लाव."

"लावतो की. मला काय, माझ्याकडं शिडी हाय."

आमच्याकडे शिडी नव्हती. म्हणून स्टूल आलं. आता खालच्या मजल्यावर मोबाईल चार्जिंगला लावला की तो वायरीला दुधी भोपळ्यासारखा लोंबकळतो. फोन आला तर भिंतीला कान लावून, टाचा उंचावून बोलायचं. बायको म्हणते, त्यामुळे माझे फोन आटोपशीर झालेत.

मग भाचा आला. तो पुण्यात आर्किटेक्ट आहे, म्हणजे त्याला प्रत्येक घराचा राग येतो. त्यानं सांगितलं की जॅक लावून अख्खं घर सहा फूट उचलता येतं, खाली नुसते खांब ठेवायचे, पाणी आलं तसं जाईल. असली कामं करणारी हरियाणाकडची माणसं असतात, हे मीही ऐकून होतो. पण आमचं घर उचलायचं तर दोन्हीकडचे शेजारी सोबत उचलावे लागणार. ही बातमी बोळात फिरली आणि संध्याकाळी डावीकडचे काका येऊन म्हणाले, "उचलताय तर आमचंबी घ्या त्यातच. खर्चाचं मागनं बघू."

ते राहिलं. स्वयंपाकघर मात्र माडीवर गेलं. गुडघ्यांमुळे आई एकदा वर चढली की दिवसभर वरच राहते, आणि अप्पा पेपर घेऊन खाली. चहा जिन्यावरून उतरेपर्यंत गार होतो म्हणून मी चौकातून दोरीला पिशवी बांधली. वरून किटली येते, खालून रिकामे कप जातात. भडंगाचा डबा कधी वर असतो, कधी खाली. आपण जिथे असू तिथे तो कधीच नसतो. सिलेंडर आणणाऱ्या माणसानं जिन्याकडे एकदा आणि माझ्याकडे एकदा पाहिलं. तेव्हापासून सिलेंडर मी चढवतो.

खाली आता कडप्प्याच्या फळ्या, शहाबादी फरशी आणि घडीच्या लोखंडी खुर्च्या. पाहुण्यांना पंगत कधी बसणार असं वाटत राहतं. आजोबांच्या पलंगाचे चारही पाय विटांवर चढवलेत, त्यावर झोपायला पुन्हा स्टूलच. न्हाणीच्या पाइपाला उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह बसवलाय. पाच वर्षांच्या नातीपेक्षा अप्पा त्याची जास्त चौकशी करतात.

2021 च्या जुलैत परीक्षा झाली. पाणी घरात आलं, पण दारातून, रीतसर. मांडीपर्यंत चढून थांबलं. आम्ही माडीवर भडंग खात बसलो होतो आणि अप्पा कठड्यावरून एकेक गोष्ट मोजत होते. बोर्ड कोरडे, फ्रिज वर, प्लायवूड नाहीच. इतका खूश माणूस त्या आठवड्यात गावभागात दुसरा नसेल.

पाणी ओसरलं, गाळ काढला, चौथ्या दिवशी वीज आली. "लाव रे लाइट!" अप्पा खालून ओरडले.

स्टूल नव्हतं. सगळं वर हलवलं होतं, फक्त स्टूल खाली राहिलं होतं. ते कृष्णामाईनं नेलं.

खुर्च्या सगळ्या माडीवर. मग मी नातीला खांद्यावर घेतलं आणि तिनं खोलीखोलीत फिरून दिवे लावले. स्टूल आठवड्यानं डावीकडच्या काकांच्या परसात सापडलं. त्यांना ते आपलंच वाटत होतं. परत मिळाल्यावर अप्पांनी आधी त्यावर बसून पहिल्या रेघेखाली दुसरी रेघ ओढली, शेजारी साल घातलं, आणि डबा हलवून पाहिला. रंग अजून अर्धा आहे. तो डबा आता माडीवर असतो.