चार्जरवाला लीडर

परवा आमच्या टीमच्या लीडरला 'उत्कृष्ट नेतृत्व' असं सर्टिफिकेट मिळालं, स्टेजवर टाळ्या-बिळ्या सगळं झालं, आणि प्रॉब्लेम एवढाच की तो मुलगा आमच्या टीममध्ये नव्हताच. तो फोन चार्ज करायला आला होता.

मागचं पटकन सांगते. टीम लीडरशिप चॅलेंज, विषय कॅम्पसवर फूड बँक, म्हणजे दानात आलेलं खाणं गरजू मुलांना फुकट मिळेल अशी जागा, उभी करायचा प्लॅन, वेळ दुपारपर्यंत, चार्ट पेपर आणि स्केचपेन आयोजकांकडून. त्या वर्गात चालू असलेला एकच प्लग, तो नेमका आमच्या टेबलाखाली.

आम्ही काय करत होतो, तर नाव ठरवत होतो. आधी नाव, मग लोगो, मग लोगोतला हात वरून देणारा दाखवायचा की खालून घेणारा, त्यावरून दोघांचं बोलणं बंद झालं ते अजून सुरू झालेलं नाहीये. एकाने पहिली स्लाइड केली: २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. आकडा संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा आहे, खरा आहे, अंगावर येणारा आहे, पण याने तो स्क्रीनवर उड्या मारत येईल असं केलं आणि मग उड्या किती माराव्यात यात तास गेला.

मी विचारलं, वस्तूंच्या तारखा कोण तपासणार? कारण दान म्हणजे पुष्कळ लोकांसाठी कपाट साफ करायचा मुहूर्त असतो. 'बेस्ट बिफोर' उलटलेलं बिस्किट मऊ पडेल फार तर, पण 'यूज बाय' उलटलेलं खायचंच नसतं, फुगलेला डबा तर उघडूनही बघायचा नाही, सरळ टाकायचा. आणि ज्याची तारीख आधी संपते ते फळीवर पुढे, बाकीचं मागे, हे कोणीतरी न कंटाळता करत राहायला लागतं. तर यावर सगळे माझ्याकडे असे बघायला लागले जसं मी लग्नाच्या बोलणीत घटस्फोटाच्या वकिलाचा नंबर दिलाय. "आपण पॉझिटिव्ह राहू या ना," कोणीतरी म्हणालं.

एवढ्यात तो आला. बॅटरी अकरा टक्के. चार्जर लावला, खुर्ची ओढली, चार्ट पेपरकडे बघितलं.

"काय चाललंय?"

"फूड बँक."

"ओके. पण का?"

"म्हणजे?"

"म्हणजे का?"

"काही मुलं उपाशी राहतात म्हणून."

"हं. ते झालं 'काय'. मी 'का' विचारतोय."

शांतता. मला वाटलं आता याला कोणीतरी हाकलेल. आमच्यातल्या एकीने चार्ट पेपरच्या मधोमध 'का?' असं लिहिलं आणि त्याला गोल केला. दोन रंगांत.

तीस टक्क्यांला तो उभा राहिला. चाळीसला मार्कर त्याच्या हातात होता. "ही बँक फिजिकल असायलाच हवी का?" मी म्हटलं, अरे अन्न आहे, फिजिकलच असणार. "बघ, हाच माइंडसेट." सगळ्यांनी मान डोलावली. माझ्या माइंडसेटवर एक बाण काढण्यात आला. मी म्हटलं फ्रिज लागेल, दूध ठेवायचं असेल तर. तो म्हणाला फ्रिज हा सेकंडरी प्रश्न आहे. प्रायमरी काय ते सांगेपर्यंत त्याचा फोन चार्ज होणं थांबलं, मग माझ्याकडे वळून अगदी गोड आवाजात, "वायर जरा लूज आहे, तू जवळ आहेस ना, धरून ठेवतेस का प्लीज?"

आणि नेमक्या त्याच वेळी परीक्षक मॅडम क्लिपबोर्ड घेऊन आत आल्या. त्यांना काय दिसलं असेल? एक मुलगा मार्कर घेऊन उभा, बाकीचे भारावून ऐकतायत, आणि एक मुलगी टेबलाखाली प्लग धरून बसलीये. माझ्या फीडबॅक फॉर्मवर लिहून आलंय: 'चर्चेत सहभाग कमी. टीमपासून अलिप्त.' अलिप्त! त्यांच्या पायांपासून वीतभर अंतरावर होते मी.

टेबलाखाली विचार करायला वेळ मात्र भरपूर मिळतो. रिंगेलमान नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने माणसांना दोरी ओढायला लावली होती, १९१३ मध्ये ते छापून आलं. आठ जण मिळून ओढायला लागले की माणशी जोर एकट्याच्या निम्म्यावर येतो असं त्याला दिसलं. दोरीला हातच न लावता बाजूला उभं राहून "का ओढतोय आपण?" विचारणारा त्याच्या प्रयोगात नव्हता बहुतेक, नाहीतर जोर शून्यावर आला असता आणि त्यालाच पदक द्यावं लागलं असतं.

बरं, हे सगळं आपण पहिल्यांदा करतोय असंही नाही. अमेरिकेत फिनिक्सला जॉन व्हॅन हेंगेलने १९६७ मध्येच फूड बँक सुरू केली, आणि कॅम्पसवरचीच हवी तर मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत १९९३ पासून विद्यार्थीच चालवतायत. तिथेही लोगोवरून भांडले असतील, पण नंतर कोणीतरी दार उघडून आत बसलं ना.

मला खरं तर दाराबद्दलच बोलायचं होतं. घ्यायला येणारं पोरगं कुठून येणार? आमच्या चार्टवर फूड बँक मेन गेटसमोर, वर मोठा बॅनर, उद्घाटनाला लाभार्थ्यांसोबत फोटो. डबा न आणता रोज "भूक नाहीये मला" म्हणणारं एक तरी जण प्रत्येक वर्गात असतं, ते त्या बॅनरखाली सगळ्या मित्रांदेखत पिशवी पसरेल? मेलं तरी नाही. आडबाजूची खोली हवी, फळ्यांवर मांडून ठेवायचं, ज्याला जे हवं ते त्याने उचलायचं, कारण विचारायचं नाही, लेक्चर संपल्यावर उघडी हवी आणि सुट्टीतही. हे मी बोलले होते, बाणाच्या आधी. इतिवृत्तात त्याचं 'इतर मुद्दे' झालंय. उपाशी मुलगा 'इतर मुद्दे'मध्ये, 'का' मधोमध.

सजावटीसाठी म्हणून खरे डबे आणि पाकिटं मागवली होती, एक खोकं भरून. कार्यक्रम झाल्यावर ते स्टेजच्या मागे पडलेलं. आयोजकांना विचारलं याचं काय करायचं, तर म्हणे, "अगं ते प्रेझेंटेशनपुरतं होतं, हवं तर घेऊन जा." आणलं उचलून. सध्या माझ्या पलंगाखाली आहे, तारखांप्रमाणे लावलेलं, त्यातली काही पाकिटं या महिनाअखेर संपतायत. काल टीमच्या ग्रुपवर टाकलं की हे कोणाला तरी पोचवायचंय, कोण येतंय सोबत? सगळ्यांनी वाचलंय, निळ्या टिका दिसतायत. उत्तर फक्त लीडरचं आलं.

"पण का?"