‘वॉक घेत जावा जरा’

आमच्या आबांनी तरुणपणी तालमीत भरपूर जोर-बैठका मारल्या. पुढं दुकान आलं, लंगोट खुंटीला गेला. मेहनत सुटली, खुराक मात्र सुटला नाही. पन्नाशीत शुगर निघाली.

आधीचे डॉक्टर (नाव नको) दर महिन्याला कागद हातात देता देता म्हणायचे, ‘वॉक घेत जावा जरा.’ आबा ‘व्हय व्हय’ म्हणायचे आणि खाली येऊन गाडीला किक मारायचे. चार वर्षं हेच. चूक आबांचीच, मान्य. पण गोळी लिहिताना ‘घेत जावा जरा’ असं कोण लिहितं का? किती, कधी, जेवणाआधी की नंतर, सगळं लिहितात. चालण्यालाच तेवढं माप नाही.

गेल्या वर्षी डॉक्टर बदलले. या बाईंनी आधी विचारलं, चालताना छातीत दुखतं का, दम लागतो का. मग तळपाय बघितले. ‘आबा, कोल्हापुरी झकास आहे, पण चालायला नको. शुगरवाल्याला घासलेलं कळत नाही. मोजे आणि मऊ बूट घाला.’

पुढचा प्रश्न, ‘दूध कुठनं आणता?’

‘गंगावेशीतनं. गाडीवरनं.’

गोळ्यांच्या खाली त्यांनी लिहिलं : संध्याकाळी किटली घेऊन चालत. रात्री जेवल्यावर १५ मिनिटं. वेग असा, की बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये.

‘गाणं मला एरवी बी येत न्हाई,’ आबा म्हणाले.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगते. हा आकडा आबांपुढं टाकला असता तर त्यांनी जांभई दिली असती. किटली मात्र कळली. तालमीतला वस्ताद तरी ‘व्यायाम करत जा’ म्हणतो का? तो आजच्या बैठका सांगतो आणि उद्या खाडा झाला की विचारतो. डॉक्टरांकडं गर्दी असते, कबूल. पण विचारायला लागलं किती, दोन मिनिटं!

महिन्यानं आबा दुधाचं कॅलेंडरच घेऊन गेले. आठ खाडे. बाई रागावल्या नाहीत, वार बघितले. सगळे बुधवार आणि रविवार, म्हणजे मटणाचे.

कागदावर नवी ओळ आली : बुधवार, रविवार - आधी चालणं, मग रस्सा.