‘उन्हाची सवय लावा’ हा सल्ला या मुलांच्या जिवावर बेततो

सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. सावळ्या कातडीला उन्हाने कॅन्सर होत नाही, तो गोऱ्यांचा आजार. मूल उन्हात रडत असेल तर रोज थोडं थोडं ऊन देऊन सवय लावा. सनस्क्रीन मात्र विष. निरोगी मुलांना ऊन हवंच, त्यावर वाद नाही. पण झिरोडर्मा पिगमेंटोसम (उन्हाने बिघडलेला डीएनए नीट दुरुस्त न होण्याचा जन्मजात आजार) असलेल्या मुलाच्या घरी हा मेसेज पोचला तर घात होईल.

आधी सवयीचं. उन्हातल्या अतिनील (यूव्ही) किरणांनी डीएनए सगळ्यांचाच बिघडतो. आपल्या पेशी बिघडलेला तुकडा कापून काढतात आणि नवा भरतात. या मुलांत ती दुरुस्तीच जन्मतः अधू असते. संशोधक जेम्स क्लीव्हर यांनी 1968 मध्ये हे दाखवून दिलं. त्यामुळे सवय होत नाही, नुकसान साठत जातं. अमेरिकेत अशा रुग्णांचा अनेक वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा मेलेनोमा (त्वचेच्या रंगपेशींचा कॅन्सर) सोडून इतर त्वचाकॅन्सर पहिल्यांदा होण्याचं मध्यक वय 9 वर्षं निघालं. तिथल्या इतर लोकांत ते 67 आहे. नऊ वर्षं म्हणजे तिसरी-चौथीतलं पोर!

‘भाजत नाही, म्हणजे सोसतंय’ हा समज तर फारच घातक. यातली बरीच मुलं उन्हाने लालही होत नाहीत. दोन वर्षांच्या आतच नाकावर, गालांवर, हातांच्या पाठीवर तपकिरी ठिपके दाट येतात, आणि घरचे ‘तीळ आहेत’ म्हणून सोडून देतात.

सावळेपणा थोडी ढाल देतो, पण दुरुस्तीची उणीव भरून काढत नाही. जिभेच्या शेंड्यालाही यांना कॅन्सर होतो. आजार गोऱ्यांचाही नाही: भारतात, उत्तर आफ्रिकेत, जपानमध्ये रुग्ण आहेत. सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडून यावं लागतं, म्हणून नात्यातल्या लग्नांत धोका वाढतो. आपल्याकडची आते-मामे भावंडांची लग्नं त्यातच आली.

सनस्क्रीनने कॅन्सर होतो याला पुरावा नाही. या मुलांना तर ते एकटं पुरतही नाही. पूर्ण बाह्यांचे कपडे, रुंद काठाची टोपी, अतिनील किरण अडवणारा चष्मा हवा. खिडकीच्या काचेतून यूव्हीए (अतिनील किरणांचाच एक प्रकार) किरण आत येतात, म्हणून घरात, वर्गात, गाडीतही काचांना फिल्म लावावी लागते. ड जीवनसत्त्व रक्त तपासून तोंडाने देता येतं.

तान्हं बाळ जरा उन्हात नेल्यावर किंचाळत असेल, उजेडात डोळे उघडत नसेल किंवा असे ठिपके दिसत असतील, तर त्याला उन्हापासून झाका आणि याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. डोळ्यांची तपासणीही करून घ्या.