जुन्या गाडीचा उजेड रस्त्यावर पाडा, समोरच्याच्या डोळ्यांत नको

आपल्याकडे जुन्या गाडीचे हेडलाइट बदलायला गेलं की दुकानात पहिला प्रश्न ठरलेला: "कितला वॅटना से?" मला हा प्रश्नच खटकतो. वॅटवरून बल्ब किती वीज खातो ते कळतं. उजेड कुठे पडतो ते कळत नाही, आणि रात्रीच्या रस्त्यावर सगळं त्यावरच अवलंबून आहे.

आता रब्बी लागली. शेतीपंपाची लाइट रात्रपाळीची आली की गव्हा-हरभऱ्याला पाणी भरायला माणूस अकरा-बाराला घराबाहेर पडतो. अंगावर काळपट घोंगडी, हातात बॅटरी, डांबराच्या कडेकडेने पायी नाहीतर सायकलवर. यावल-फैजपूर-रावेर पट्ट्यात रात्री केळीच्या गाड्या भरून निघतात. शहाद्याकडे उसाच्या ट्रॉल्या, कित्येकांना मागे ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर. हे सगळं वेळेत दिसावं म्हणून जुन्या गाडीला चांगले हेडलाइट हवेतच. पण ज्यांना बघायचं, त्यांनाच आपण आंधळं करतोय.

आमच्या शेजारचे आप्पा मागच्या हिवाळ्यात मोटरसायकलसकट साइडपट्टीवरून खाली गेले. खांदा निखळला. "माले काहीच दिखनं नही," एवढंच सांगत होते. समोरच्या गाडीवाल्यानेच थांबून त्यांना दवाखान्यात नेलं, भला माणूस. गाडी जुनी, त्यात एलईडी बल्ब नवेकोरे. त्याला वाटत होतं, आपण सुरक्षेसाठीच खर्च केलाय.

हे का होतं ते समजून घ्या. जुन्या गाड्यांत बहुतेक एच-4 हॅलोजन असतो, 60/55 वॅटचा: अप्परला 60, डिपरला 55. डिपरच्या तारेखाली एक बारीकशी पत्र्याची वाटी असते. ती खालचा उजेड अडवते, त्यामुळे उजेड रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या भागावर पडतो आणि तिथून खाली रस्त्याकडे वळतो. रिफ्लेक्टरचा सगळा आकार त्या तारेच्या जागेवर बेतलेला असतो. एलईडी बल्बमध्ये तारेऐवजी चिप असते. ती मिलिमीटरभर जरी इकडेतिकडे बसली तरी उजेड फाकतो. मग गाडीपुढचा तुकडा पांढराशुभ्र दिसतो, चालकाला समाधान वाटतं, लांबचं मात्र आधीपेक्षा कमी दिसतं आणि उरलेला उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो. स्वस्तातल्या जेनॉन किटचंही (तारेऐवजी गॅसमधल्या ठिणगीने उजळणाऱ्या बल्बचंही) तेच.

100/90 चे बल्बही नकोत. 60 वॅटचे दोन बल्ब 12 व्होल्टवर 10 अँपिअर ओढतात, 100 चे दोन जवळपास 17. जुन्या गाडीचं बटण, वायर आणि प्लॅस्टिकचा होल्डर एवढ्यासाठी बनवलेले नसतात. होल्डर वितळतो, रिफ्लेक्टर काळवंडतो.

बहुतेक जुन्या गाड्यांत खरा आजार व्होल्टेजचा असतो, आणि तो कोणी तपासतच नाही. अनेक जुन्या मॉडेलांत हेडलाइटचा सगळा करंट स्टीअरिंगजवळच्या बटणातून फिरून बल्बापर्यंत जातो. वर्षानुवर्षांत कपलर (वायरी जोडणारे प्लग) गंजतात, अर्थिंग ढिलं होतं. इंजिन चालू ठेवा, लाइट लावा, मल्टिमीटरने आधी बॅटरीवर व्होल्टेज बघा आणि मग बल्बच्या मागे, कपलर न काढता. बॅटरीवर 14 च्या आसपास आणि बल्बवर 12 च्या खाली आलं तर समजा की चोरी वायरिंगमध्ये आहे. हॅलोजनला व्होल्टेज 10 टक्के कमी मिळालं की उजेड सुमारे 30 टक्क्यांनी घटतो. यावर उपाय म्हणजे रिले (थोड्याशा करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) किट: बॅटरीवरून फ्यूज लावून थेट जाड वायर, सिरॅमिक होल्डर, स्वच्छ अर्थिंग. जुनं बटण मग फक्त रिलेला हुकूम देतं. काही शे रुपयांचं काम. त्याच 60/55 च्या बल्बाचा उजेड नंतर बघा आणि मग सांगा वॅट वाढवायचे का.

काच पिवळी पडली असेल तर वायरिंगच्याही आधी ती. प्लॅस्टिकच्या काचेवरचा संरक्षक थर आपल्या उन्हात जळून जातो, जळगावच्या मे महिन्याबद्दल मी वेगळं काय सांगू. पाण्याचा पॉलिश पेपर चढत्या नंबरने मारून, कंपाउंड करून, शेवटी यूव्ही कोटिंग द्यायचं. टूथपेस्टचे व्हिडिओ बघून काम उरकू नका. कोटिंग नसेल तर काच थोड्याच महिन्यांत पुन्हा पिवळी होते. अॅम्बेसेडर किंवा जुन्या जीपला 7 इंची गोल काचेचे दिवे असतात. ते पिवळे पडत नाहीत, पण आतला रिफ्लेक्टर गंजला असेल तर सरळ नवीन घ्या.

एवढं करूनही एलईडीच हवा असेल तर प्रोजेक्टर बसवा, स्वतःच्या भिंगाचा आणि धारदार कटऑफचा, म्हणजे उजेडाची वरची कड स्पष्ट कापणारा. घेताना एक गोष्ट नक्की तपासा. आपण डावीकडून चालतो, म्हणून डिपरचा फोकस डावीकडे वर चढतो आणि उजवीकडे सपाट राहतो. उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठीचा प्रोजेक्टर आला तर तो उजवीकडे चढेल, म्हणजे थेट समोरून येणाऱ्याच्या तोंडावर. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीतल्या फेरफारांबद्दल आहे, तेही वाचून घ्या.

आता फोकस. सपाट जागेवर गाडी भिंतीपासून 10 मीटरवर उभी करा, टायरमध्ये हवा बरोबर. बल्बच्या उंचीवर भिंतीवर खूण करा. डिपरची सपाट धार त्या खुणेखाली साधारण 10 सेंटिमीटर हवी. गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तो धरा. दिवा 65 सेंटिमीटर उंच असेल तर हा उजेड 65 मीटरवर रस्त्याला टेकतो. ताशी 80 ने आपण सेकंदाला 22 मीटर जातो. बघून ब्रेक दाबेपर्यंत आणि गाडी थांबेपर्यंत 70 मीटर लागतात. म्हणजे उत्तम डिपरवरसुद्धा 80 जास्तच आहे. समोर कोणी नसेल तर अप्पर, कोणी दिसलं की लगेच डिपर आणि वेग कमी, मग बल्ब कोणताही असो.

माझी एक मागणी आहे. खासगी गाडीला 15 वर्षं झाली की नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. त्या तपासणीत हेडलाइट नुसता लावून-विझवून बघू नये, फोकस यंत्रावर मोजावा. बल्ब विकणाऱ्यांनीही बसवल्यावर भिंतीवर फोकस दाखवूनच पैसे घ्यावेत, आणि आपण तो बघितल्याशिवाय देऊ नयेत.

लग्नसराईत मागे सहा माणसं आणि डिकीत धान्याची पोती असली की गाडीचं नाक वर होतं, तेव्हा डॅशबोर्डवरचं हेडलाइटचा फोकस खाली-वर करणारं चाक 2 किंवा 3 वर न्या. ज्यांच्या गाडीत ते चाक नाही, त्यांनी भार भरूनच फोकस बघावा. अमळनेरात किंवा आसपास कोणाला आपला फोकस बघायचा असेल तर रविवारी दिवेलागणीनंतर या. मल्टिमीटर आणि टेप माझ्याकडे आहे, समोर गोडाऊनची लांबलचक भिंत आहे. येताना स्क्रू ड्रायव्हर तेवढा आणा.