साइड-पोस्ट बॅटरी: पाना जोरात फिरवून कनेक्शन पक्कं होत नाही

अमेरिकेत शेव्रोले, ब्यूक, जीएमसी अशी जीएमची (जनरल मोटर्सची) जुनी गाडी घेतलेल्या मराठी माणसाला एक सल्ला हमखास मिळतो: ‘बॅटरीच्या बाजूला बोल्टने केबल बसवायचं हे डिझाइनच भिकार. जोर लावून आवळ, ग्रीस भर, मीटरवर १२.६ व्होल्ट दिसले की झालं. तरी त्रास झाला तर वरच्या पोस्टचे (केबल वरून पकडता येईल अशा खुंटीचे) ॲडॅप्टर लाव.’ ऐकायला सोपा असलेला हा सल्ला चांगल्या बॅटऱ्या आणि केबली खराब करतो.

आधी ‘जोर लावून आवळ’. हा बोल्ट ३/८ इंची, इंचाला १६ आट्यांचा. डोकं ५/१६ इंची. ८ मिमीचा सॉकेट बसतो. बॅटरीवाले साधारण ७० ते ९० इंच-पाउंड, म्हणजे ८ ते १० न्यूटन-मीटर टॉर्क सांगतात. गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तो पाळा. पाव इंची लहान रॅचेट पुरतं, लांब दांड्याचा पाना हातात घेऊच नका. आत शिशात बसवलेला आट्यांचा नट असतो. जास्त ताकदीने आटे जातात, नाहीतर तो नट शिशातच फिरायला लागतो. शिसं आणि प्लास्टिकमधलं सील तडकलं तर तिथून ॲसिड झिरपतं, आणि मग कितीही वेळा साफ केलं तरी गंजाची पावडर परत येते.

आणि मुळात करंट बोल्टच्या आट्यांतून जावा अशी रचनाच नाही. बोल्टचं काम दाबून धरायचं. करंट जातो तो भोकाभोवतीच्या शिशाच्या सपाट कड्यातून केबलच्या रिंगमध्ये. हे दोन चेहरे, म्हणजे टेकणारे सपाट पृष्ठभाग, एकमेकांना पूर्ण टेकले नाहीत तर ताकद वाया.

टेकत का नाहीत? बहुतेकदा बोल्टच्या लांबीमुळे. अनेक गाड्यांत पॉझिटिव्हला दोन रिंगा एकावर एक असतात, एक स्टार्टरची आणि एक फ्यूज-बॉक्सकडे जाणारी. त्यांना लांब बोल्ट लागतो. तोच बोल्ट एका रिंगेवर वापरला की तो भोकाच्या तळाला टेकतो, पान्याला घट्ट लागतो आणि रिंग मात्र हाताने हलते. तिथे आणखी जोर लावणं म्हणजे तळ फोडणं. उलट आखूड बोल्ट दोन-तीन आट्यांवरच धरतो आणि तेच ओरबाडतो. टूथपिक भोकात घालून खोली मोजा. रिंगांतून बाहेर आलेला बोल्ट त्यापेक्षा एक-दोन मिलिमीटर कमी भरायला हवा.

साफसफाई करताना आधी निगेटिव्ह काढा, लावताना तो शेवटी लावा. चष्मा-हातमोजे हवेतच. कपभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून फेस थांबेपर्यंत धुवा, स्वच्छ पाणी मारा, भोकही कोरडं करा. रबरी टोपण पूर्ण उलटं करून दोन रिंगांच्या मधले चेहरे बघा. लोक नेमकं तिथेच ब्रश मारत नाहीत. शिसं मऊ असतं, त्याला कानस लावू नका; वायर ब्रशने चकाकी आली की पुरे.

ग्रीस उपयोगी आहे, पण करंट वाहायला नाही. डायलेक्ट्रिक ग्रीस करंट वाहून नेतच नाही, हवा आणि ओल रोखतं. म्हणून चेहरे कोरडे जोडा, आवळा आणि मग बाहेरून पातळ थर द्या. भोकात ठासलेलं ग्रीस बोल्टला हवा तितका आत जाऊ देत नाही.

१२.६ व्होल्टवर विसंबणं ही यातली सगळ्यात महागात पडणारी चूक. गाडी बंद असताना करंट जवळपास शून्य असतो, त्यामुळे गंजलेल्या जोडावरूनही पूर्ण व्होल्टेज दिसतं. सेल मारताना १५० अँपिअर गेले, तर एक मिलिओहमचा रोध ०.१५ व्होल्ट खातो, आणि इतका बारीक रोध साध्या मीटरच्या ओहम-रेंजमध्ये दिसत नाही. म्हणून मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक प्रोब बोल्टच्या डोक्यावर, दुसरा केबलच्या उघड्या तांब्यावर. इंजिन सुरू होऊ नये म्हणून इंधन-पंपाचा फ्यूज काढून दुसऱ्याला पाच सेकंद सेल मारायला सांगा. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर जोड ठीक. ०.२ च्या वर गेलं की उघडा. दोन्ही टर्मिनलना ही चाचणी करा.

ॲडॅप्टरने एका जोडाचे दोन होतात. खालचा जोड तोच राहतो, शिवाय उंची वाढून बॉनेटला टेकायची भीती. वरचा पोस्ट हवाच असेल तर दोन्ही प्रकारची टर्मिनलं असलेली ३४/७८ ग्रुपची (ग्रुप म्हणजे बॅटरीच्या मापाचा नंबर) बॅटरी ट्रेमध्ये बसते का ते बघा. ॲडॅप्टर खरा कामाचा आहे तो बाहेर काढलेली बॅटरी चार्ज करताना, तेही शिशाला घट्ट टेकवून.

आटे गेलेच असतील तर जाड आट्यांचे दुरुस्ती-बोल्ट मिळतात, पण तो तात्पुरता इलाज. वॉरंटी असेल तर बॅटरी बदलून घ्या. केबलचं आवरण टोकाशी फुगलं असेल तर थोडं कापून बघा. आतलं तांबं हिरवं-काळं दिसलं तर ब्रशने काही होणार नाही, त्याच जाडीची नवी केबल टाका.