‘खंबीर राहा, कुणाला सांगू नका’ हा सल्ला माणसाला एकटं पाडतो

घरोघरच्या ग्रुपवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचा सारांश असा: आपल्या आजी-आजोबांना कधी डिप्रेशन आलं नाही, कारण त्यांना कामातून सवड नव्हती. खंबीर माणूस रडत नाही, आपलं दुःख चारचौघांत मांडत नाही. वाईट दिवस आले की स्वतःला कामात गाडून घ्यावं. आणि गोळ्यांच्या नादी तर अजिबात लागू नये, सवय लागते.

पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण कर्जाने, आजारपणाने किंवा घरातलं माणूस गेल्याने जो आधीच खचलाय, तो हे वाचून आणखी गप्प होतो. म्हणून याला उत्तर द्यायलाच हवं.

आधी आजीचं. आपल्या आज्या गप्प बसत नव्हत्या. पहाटे जात्यावर दोघी समोरासमोर बसायच्या, एकीने ओळ म्हणायची, दुसरीने उचलायची. सासुरवास, माहेरची ओढ, नवऱ्याचा मार, दगावलेलं लेकरू, सगळं त्या ओव्यांत यायचं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी गावोगावी फिरून अशा लाखभर ओव्या गोळा करवून घेतल्या. त्या वाचल्या तर ‘त्या काळी बायका निमूट सोसायच्या’ असं म्हणायला जीभ रेटणार नाही. रोज मन मोकळं करायची ती हक्काची जागा होती, आणि शेजारी ऐकणारं माणूस होतं.

ज्यांना तेवढंही मिळालं नाही त्यांचं काय झालं, हेही जुन्या माणसांना विचारून बघा. ‘तिला बाहेरचं झालं होतं’, ‘तिने विहीर जवळ केली’ अशी एखादी हकिगत बहुतेक गावांत निघते. ठाणे, येरवडा, रत्नागिरी, नागपूर ही चारही मनोरुग्णालयं इंग्रजांच्या काळातली आहेत. आजार तेव्हाही होता, फक्त त्याचं नाव घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

रडण्याबद्दल फार लिहायला नको. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारून पिठलं-भाकरी येते, बायका गळ्यात पडून रडतात, बळेबळे दोन घास खायला लावतात. दुःखात शरीरही सांभाळावं लागतं आणि ते एकट्याच्याने होत नाही, हे आपल्या रीतीला पक्कं माहीत आहे. याच ओघात आणखी एक गैरसमज दूर व्हायला हवा. ‘जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का?’ असं थेट विचारल्याने कुणाच्या डोक्यात तसा विचार शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. विचारा.

कामाचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘संगत’ या संस्थेने नैराश्याच्या रुग्णांवर एक उपचार तपासला. समुपदेशक ना डॉक्टर होते ना मानसशास्त्रज्ञ, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. सहा ते आठ भेटींत ती रुग्णाबरोबर बसून छोट्या छोट्या गोष्टी ठरवायची आणि पुढच्या भेटीत काय जमलं, काय अडलं ते विचारायची. २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: तीन महिन्यांनी या गटातल्या ६४ टक्के लोकांचं नैराश्य ओसरलं होतं, नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत ३९ टक्के. म्हणजे हातपाय हलवल्याने फरक पडतो. पण अंथरुणातून उठवत नाही अशा माणसाला ‘कामाला लाग’ म्हणणं वेगळं, आणि ‘उद्या दहा मिनिटं अंगणात येऊन बस, मी येते’ म्हणणं वेगळं. दुसऱ्यात सोबत आहे. शिवाय महिनोन्‌महिने थकवा असेल तर थायरॉईड आणि बी-१२ तपासून घ्या. दोन्हींच्या कमतरतेने माणूस मलूल होतो, आणि घरचे त्याला आळशी ठरवतात.

आता गोळ्या. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागते हे खरं, आणि भीती बहुधा तिथूनच आली असावी. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांची दारूसारखी तलफ येत नाही. गुण यायला मात्र दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. आठवड्यात फरक नाही म्हणून कुणी सोडतं, कुणी बरं वाटताच एकदम बंद करतं आणि मग त्रास झाला की ‘बघा, सवय लागली’ म्हणतं. या गोळ्या डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायच्या असतात.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं की आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. त्यांच्या वाटेत आधीच पुष्कळ अडथळे आहेत, त्यात या मजकुराची भर नको. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. नंबर १४४१६. रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. खचलेल्या माणसाला स्वतः बोलणं जमत नसेल तर घरच्या कुणीही लावावा.